सांगलीत सहा फुटी समुद्री टाकी: खोली कमी करा, रुंदी वाढवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोड्या पाण्याची तीन फुटी टाकी चार वर्षं नीट सांभाळलीय. आता सांगलीतल्या नव्या घराच्या हॉलमध्ये सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि तीन फूट खोल अशी समुद्री पाण्याची टाकी करायचीय. हॉल तळमजल्यावर आहे आणि 2019 च्या पुरात अंगणापर्यंत पाणी आलं होतं. घरात महापालिकेचं नळपाणी आणि बोअर, दोन्ही आहे. मुलांना निमो, डोरी आणि शार्क हवाय, तुम्हाला प्रवाळ. आणि रत्नागिरीहून समुद्राचं पाणी आणलं तर स्वस्तात भागेल का, हेही विचारलंय.

टाकी जरूर करा आणि मोठीच करा. खाऱ्या पाण्यात नवख्याने छोट्या टाकीपासून सुरुवात करावी असं सर्रास सांगितलं जातं, ते मला पटत नाही. शंभर लिटरमध्ये एक मासा दगडामागे मेला तर सकाळपर्यंत अमोनिया चढून बाकीचेही जातात. हजार लिटरमध्ये तोच मासा मेला तर तुम्हाला दोन दिवस मिळतात. खारेपणा, तापमान, पीएच सगळं मोठ्या टाकीत सावकाश हलतं, आणि शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त गरज असते ती या सावकाशपणाची.

पण तीन फूट खोली सोडून द्या. सहा बाय तीन बाय दोन करा: लांबी तीच, रुंदी अर्धा फूट जास्त, खोली एक फूट कमी. पाणी काठोकाठ 1,270 लिटरऐवजी 1,020 लिटर होईल. अडीचशे लिटर कमी झाले म्हणून हळहळू नका, त्या बदल्यात काय काय मिळतं ते बघा.

पहिलं काचेचं. काचेवरचा दाब टाकीत किती लिटर पाणी आहे यावर ठरत नाही, पाण्याची उंची किती यावर ठरतो. आणि समोरच्या काचेवरचा एकूण रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो. सहा फुटी टाकीत पाणी दोन फूट असेल तर समोरच्या काचेवर साधारण 350 किलोचा रेटा येतो. अडीच फुटाला तो 545 किलो होतो आणि तीन फुटाला पावणेआठशेच्या पुढे जातो. म्हणजे दीडपट उंचीला सव्वादोनपट रेटा. दोन फुटाला वरून पट्ट्या मारून 12 मिमी काच चालते, अडीच फुटाला 15 आणि तीन फुटाला 19 लागते. आपल्याकडे 19 मिमी काच उचलायची, तिच्या कडा घासायच्या, तिला होल मारायचं आणि सिलिकॉनचा सांधा एकसारखा भरायचा, हे सराईतपणे करणारे कारागीर मोजके आहेत. 12 मिमीची टाकी मात्र सांगली, मिरज, कोल्हापूर कुठेही चांगली बांधून मिळते.

दुसरं हाताचं. माणसाचा हात काखेपासून बोटांपर्यंत सव्वादोन फुटांच्या आसपास भरतो. तीन फुटी टाकीत तळाची वाळू हलवायची तर खांदा, कान आणि अर्धं डोकं पाण्यात जातं. कुपवाडला अशी एक खोल टाकी सांभाळायचं काम माझ्याकडे आलं होतं. मागच्या कोपऱ्यात दोन दगडांच्या फटीत टँग मासा अडकून मेला होता, समोरून त्याचा शेपटाचा पिवळा तुकडा दिसत होता आणि चिमट्याचं टोक तिथे चार बोटं कमी पडत होतं. शेवटी निम्मं पाणी ड्रममध्ये काढून, वरचे दगड उतरवून तो बाहेर काढला. तोवर संध्याकाळ झाली आणि अमोनियाच्या चाचणीत रंग दिसायला लागला होता. दर आठवड्याला हात घालायचा असतो, हे टाकीचं माप ठरवतानाच धरून चाला.

तिसरं, पाण्यात प्राणवायू शिरतो तो पृष्ठभागावरून. तुमच्या मापात पंधरा चौरस फूट पृष्ठभाग आहे, माझ्या मापात अठरा, आणि पाणी मात्र कमी. वीज गेल्यावर हा फरक माशांच्या जिवावर येतो. शिवाय मासे आडवे पोहतात. तीन फूट रुंदीत मागे दगडांची रचना करून पुढे दीड फूट मोकळी वाळू राहते आणि समोरून बघताना खरी खोली तिथेच दिसते. उजेडाचंही तसंच, दोन फुटांपर्यंत साधे एलईडी पुरतात, तीन फुटाला दुप्पट ताकदीचे लागतात.

आता जागा. दगड, वाळू, स्टँड, खालचा सम्प (पाणी गाळायची दुसरी टाकी) धरून माझ्या मापाची टाकी दीड टनाच्या घरात जाते. घरांचे स्लॅब चौरस मीटरला 200 किलो वापराचा भार धरून काढलेले असतात आणि ही टाकी तिच्या पायाखाली चौरस मीटरला 900 किलोच्या आसपास भार टाकते. म्हणून वरच्या मजल्याचा विचार स्ट्रक्चरल इंजिनिअरने बीम बघून लेखी सांगितल्याशिवाय करायचा नाही. तळमजला ठीक आहे, पण सांगलीत एक वेगळी गोष्ट बघावी लागते. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि फरशीखालचा मुरमाचा भराव नीट धुमसलेला नसेल तर एका बाजूला बसतो. दोन-तीन मिलिमीटर कललं तरी काच पिळवटते. घर नवं आहे, म्हणजे कॉन्ट्रॅक्टर अजून फोन उचलत असेल. फरशीखाली किती भराव आहे, त्यावर काँक्रीट किती इंच आहे, सरळ विचारा. उत्तर गोलमोल आलं तर टाकीच्या जागेची फरशी काढून सळई घातलेला सहा इंच जाड काँक्रीटचा पाया ओतून घ्या. एवढ्या खर्चात तो खर्च काहीच नाही.

उत्तर काहीही आलं तरी टाकीखालचा कट्टा फरशीच्या वर नऊ इंच उचलून घ्या, ते पुरासाठी. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं, 2021 ला पुन्हा पन्नाशी ओलांडली. तुमच्या अंगणापर्यंत आलेलं पाणी पुढच्या वेळी उंबरा ओलांडेल की नाही हे कुणी सांगू शकत नाही, आणि घरात पाणी शिरलं की सगळ्यात आधी बुडतो तो टाकीखालचा सम्प आणि तिथल्या मोटारी. टाकी दोन फुटी असली की नऊ इंचांचा कट्टा, अडीच फुटांचं स्टँड आणि टाकी मिळून सव्वापाच फूट होतात, छोट्या स्टुलावर उभं राहून हात घालता येतो. तीन फुटी टाकीला हेच सव्वासहा फूट झालं असतं. प्लग, टायमर, चिलरचे (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचे) स्विच यांचा बोर्ड स्टँडच्या आत नको, बाजूच्या भिंतीवर चार फुटांच्या वर घ्या. या बोर्डाला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग हवंच. खारं पाणी विजेला गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी चांगली वाट देतं आणि हात पाण्यात असताना दुसरी संधी मिळत नाही. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळातून खाली टपकतं, प्लगमध्ये जात नाही.

स्टँड कुपवाड एमआयडीसीतल्या कुठल्याही बऱ्या फॅब्रिकेटरकडून दोन इंची चौकोनी पाइपचं करून घ्या. सांधे पूर्ण वेल्ड करायचे, नुसते टाके मारून चालणार नाही, आणि वर इपॉक्सी रंग. मिठाची खपली साध्या रंगाखाली शिरून वर्षभरात लोखंड खाते. स्टँड जागेवर ठेवून चारही कडांना आणि दोन्ही तिरक्यांना पाणसळ लावून बघा. वर जाड प्लाय, त्यावर अर्धा इंच थर्माकोल, मग टाकी.

टाकी घरात आणायच्या आधी बांधणाऱ्याच्या शेडमध्येच साध्या पाण्याने काठोकाठ भरून आठवडाभर ठेवा. रिकामी असताना समोरच्या काचेच्या दोन टोकांना ताणून दोरा धरा, तो काचेला सगळीकडे टेकलेला असतो. भरल्यावर पुन्हा धरा. मध्ये काच फुगून दोरा टोकांना सुटलेला दिसेल. मिलिमीटर-दोन मिलिमीटर ठीक, त्याहून जास्त फुगत असेल तर वरच्या पट्ट्या रुंद करून घ्या. सांध्यावर बोट फिरवून बघा, सिलिकॉनमध्ये बुडबुड्यांची रांग दिसली तर तो सांधा कापून पुन्हा भरायला सांगा. सिलिकॉन व्हिनेगरसारखा वास येणारं, शंभर टक्के सिलिकॉनवालं हवं. बाथरूमसाठी मिळणाऱ्या नळ्यांत बुरशीनाशक असतं, ते माशांना विष आहे.

सम्प म्हणजे स्टँडमधली दोन-अडीचशे लिटरची दुसरी टाकी. वरचं पाणी ओसंडून पाइपने खाली येतं, तिथे स्किमर (फेसातून घाण काढणारा), फिल्टर सॉक (गाळायची कापडी पिशवी) आणि हीटर असतात, आणि रिटर्न पंप ते पुन्हा वर पाठवतो. खाली येणारे पाइप दोन ठेवा, एक रोजचा आणि एक तुंबल्यावर उपयोगी पडणारा. गोगलगाय किंवा शेवाळाचा गोळा पाइपच्या तोंडाशी बसला की हॉलमध्ये पाणी, म्हणून दुसऱ्या पाइपला काटकसर करू नका. पंप ताशी चार-पाच हजार लिटर त्या उंचीला देणारा असावा. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, पाच फूट वर चढवताना तो बराच घटतो. टाकी चालू केल्यावर मेन स्विच मुद्दाम बंद करा आणि वरून खाली उतरणारं सगळं पाणी सम्पमध्ये मावतं का बघा. मावत नसेल तर सम्पमधली रोजची पातळी खाली घ्या आणि रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली छोटं भोक पाडा, म्हणजे हवा शिरून उलटा प्रवाह तुटतो. चेक व्हॉल्व्हवर विसंबू नका, खाऱ्या पाण्यात त्यात कचरा बसतोच.

आता पाणी, आणि सांगलीत खरी परीक्षा इथे आहे. ऊसपट्ट्यातल्या बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) हजारावर गेलेला मी पुष्कळदा मोजलाय, वर खतांचं नायट्रेट. नळाचं कृष्णेचं पाणी बरं, पण त्यात क्लोरीन असतं आणि पावसाळ्यात ते गढूळ होतं. समुद्री टाकीला टीडीएस शून्य लागतो. घरच्या आरओचं पाणी चालत नाही, कारण पिण्याच्या आरओमध्ये चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी मिसळायची किंवा क्षार परत घालायची सोय असते. वेगळा आरओ घ्या, त्याच्यापुढे उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडा आणि नळपाण्यावर चालवा. शंभर गॅलनवाला आरओ पुरेसा दाब असेल तर दिवसाला साडेतीनशे लिटरच्या आसपास देतो, म्हणजे पहिल्या भरणीला तीन-चार दिवस लागतील. घाई असेल तर जवळच्या जारच्या प्लांटमधून पाणी आणा, पण तुमच्या मीटरने तिथेच मोजा आणि घरी डीआयमधून काढूनच वापरा. रेझिन संपत आलं की मीटर शून्यावरून हलतो. पाच दिसायच्या आत बदला. आरओचं वाया जाणारं पाणी अंगण धुवायला आणि बाथरूमला वापरा, ते थोडंथोडकं नसतं.

रत्नागिरीचं पाणी आणू नका. हजार लिटर म्हणजे एक टन, आंबा घाटातून टेम्पो वर चढवायचा. किनाऱ्याजवळ पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी मिसळून खारेपणा उतरतो, खाडीच्या तोंडाशी आणि जेटीजवळ डिझेल आणि मासळीचा कचरा. शिवाय समुद्राच्या पाण्यात जिवंत प्लवक, म्हणजे तरंगणारे सूक्ष्म जीव असतात, ते ड्रममध्ये बंद झालं की मरून सडतं. आणि हे एकदा करून भागत नाही, दर दोन आठवड्यांनी थोडं पाणी बदलायचं असतं. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना ते जमतं, त्यांना जमू दे. रत्नागिरीला मात्र जरूर जा. झाडगावला कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, त्यांचं मत्स्यालय मुलांना दाखवा. कुठला मासा केवढा होतो हे दुकानातल्या दोन इंची पिल्लावरून कळत नाही, तिथे कळतं.

टाकीसाठी तयार समुद्री मीठ घ्या, लिटरला 36 ते 38 ग्रॅम, म्हणजे पहिल्या भरणीला चाळीस किलोच्या आत. खडे मीठ किंवा घरातलं मीठ चालत नाही, ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात लिटरला चारशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आणि तेराशेच्या आसपास मॅग्नेशियम असतं, पीएच सव्वाआठच्या जवळ धरून ठेवणारे कार्बोनेट असतात. खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर घ्या, तो हजारी 35 खारेपणाच्या द्रावणाने जुळवून घ्या आणि पाण्याचं विशिष्ट गुरुत्व 1.025 ला ठेवा. पुढे रोज दहा-पंधरा लिटर पाणी उडेल, उन्हाळ्यात जास्तच. त्या जागी फक्त आरओ-डीआयचं गोडं पाणी घालायचं, कारण पाणी उडतं पण मीठ टाकीतच राहतं. गोड्या टाकीवरून आलेल्यांचा हात इथे हमखास मिठाकडे जातो. फ्लोट असलेला ऑटो टॉपअप बसवा, म्हणजे ही रोजची कटकट संपते.

दगड आणि वाळूबद्दल थोडक्यात. आपला काळा पाषाण जड, घट्ट आणि लोहयुक्त, त्यात जीवाणू राहायला पोकळी नाही. कोकणातला जांभा तर लोहच. दोन्ही नकोत. किनाऱ्यावरची वाळूही नको. सच्छिद्र कोरडे रॉक आणि सिरॅमिक मीडिया घ्या, तळाला दीड इंच अरॅगोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू. दगड आधी काचेच्या तळावर टेकवून पक्के बसवा आणि मग भोवती वाळू घाला. वाळूवर ठेवलेले दगड माशांनी खालून पोखरले की कोसळतात.

यानंतर ऊन आणि वीज. मासे 25 ते 27 अंशांत सुखी असतात. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, बंद हॉलमध्ये पंप आणि दिव्यांची उष्णता मिळून पाणी 32-33 वर सहज जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि माशांना मात्र तेव्हाच जास्त लागतो. पृष्ठभागावर पंखा सोडला तर आपल्या कोरड्या उन्हाळ्यात दोन-तीन अंश उतरतात, ही सोय फुकट आहे, वापरा. पण तेवढ्यावर मे महिना निघत नाही, अर्धा ते एक एचपीचा चिलर लागतोच. तो स्टँडमध्ये कोंडू नका, त्याची गरम हवा खिडकीबाहेर किंवा पॅसेजमध्ये जाऊ दे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींसाठी 300 वॉटचे दोन हीटर ठेवा. दोन अशासाठी की एक अडकून चालूच राहिला तरी पाणी उकळत नाही आणि एक बंद पडला तरी मासे गारठत नाहीत.

बिलाचा अंदाज आधीच करून ठेवा. पंप आणि वेव्हमेकर (टाकीत पाणी हलतं ठेवणारे छोटे पंप) मिळून दीडशे वॉट चोवीस तास म्हणजे साडेतीन युनिट, दिवे दोन-एक, उन्हाळ्यात चिलर दहा तास चालला तर पाच. दिवसाला दहा युनिट, महिन्याला तीनशे. घरचा वापर त्यात मिळवला की महावितरणच्या वरच्या टप्प्यात जाल आणि युनिटचा दरही वाढेल. घरावर सौर पॅनलचा विचार असेल तर टाकीच्या आधी करा.

वळवाच्या पावसात वीज जाते ती नेमकी मेच्या संध्याकाळी, पाणी सर्वांत गरम असताना. 150 एएचच्या बॅटरीचा इन्व्हर्टर रिटर्न पंप आणि एक वेव्हमेकर सात-आठ तास ओढतो. चिलर आणि हीटर इन्व्हर्टरवर घेऊ नका. पाणी हलत राहिलं तर मासे 30 अंशांतही रात्र काढतात, साचलं तर 26 अंशांतही गुदमरतात. बॅटरीवर चालणारे दोन एअर पंप कपाटात असू द्या. पुरात वीज काही दिवस बंद असते, त्याला इन्व्हर्टर पुरत नाही. पाणी 40 फुटांवर गेल्याची बातमी आली की जनरेटरची सोय लावा आणि झाकणाचे दोन ड्रम वरच्या मजल्यावर तयार ठेवा.

टाकी भरली, पाणी फिरायला लागलं की मासे आणायचे नाहीत. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीवाणू दगडांत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया 2 पीपीएमला (लिटरला 2 मिलिग्रॅम) न्या. नाही मिळालं तर मिरजेच्या मासळी बाजारातली एक कोळंबी जाळीच्या पिशवीत घालून सम्पमध्ये टाका. एक दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट मोजून वहीत लिहा. घातलेला 2 पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य, असं सलग दिसलं की टाकी पिकली. दुकानदार ‘सायकलिंगसाठी’, म्हणजे हे जीवाणू वाढवायला, डॅमसेल मासे देतील, घेऊ नका. ते बिचारे अमोनियात भाजतात, आणि जगले तर पुढे तुमच्या टाकीत कुणाला सुखाने राहू देत नाहीत. या काळात काचेवर तपकिरी थर चढेल, मग हिरवा. तो येतो आणि जातो, औषध घालू नका.

मुलांच्या यादीचं. निमो, म्हणजे क्लाउनफिश, पहिला मासा म्हणून उत्तम. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडे त्यांची पैदास करून दाखवली आहे आणि हॅचरीतली पिल्लं मिळतात. तीच घ्या. ती दाणे खातात, टाकीला सरावलेली असतात आणि समुद्रातून ओरबाडलेली नसतात. डोरी एक फुटापर्यंत वाढतो, दिवसभर लांब पोहतो आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्यालाच आधी धरतो. मी पहिल्या वर्षी आणणार नाही. शार्क म्हणून दुकानात बांबू शार्कचं पिल्लू मिळतं, ते तीन फुटांपर्यंत जातं. सहा फुटांच्या टाकीत त्याला वळायला जागा नाही, मुलांना हे सरळ सांगा, मुलांना कळतं.

प्रवाळांबद्दल मी ठाम आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली कठीण प्रवाळ, सी फॅन, ऑर्गन पाइप आणि फायर कोरल संरक्षित आहेत. समुद्री घोडे, पाइपफिश आणि समुद्री काकडीही. मन्नारच्या आखातातले किंवा लक्षद्वीपचे प्रवाळ आणि त्यांचे ‘लाइव्ह रॉक’ गुपचूप विकणारे भेटतील, तिथून परत फिरा. कायद्याचं तर आहेच, पण एक मूठभर वाढायला ज्याला वर्षं लागली ते तोडून सांगलीच्या हॉलमध्ये मरायला आणायचं, हे मला बघवत नाही. पहिली दोन वर्षं फक्त मासे ठेवा.

मासे सांगलीला येतात ते मुंबई किंवा चेन्नईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून. पिशवीत दहा-बारा तासांत अमोनिया साचलेला असतो, पण माशाच्या श्वासाने पीएच उतरलेला असल्यामुळे तो फारसा भाजत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विष होतो. म्हणून तासभर थेंब थेंब पाणी घालत बसायची पद्धत लांबून आलेल्या माशांना घातक ठरते. पिशवी बंद ठेवूनच पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा. विकणाऱ्याला त्याच्या पाण्याचा खारेपणा आदल्या दिवशी विचारून क्वारंटाइन टाकी (नव्या माशाला आधी वेगळं ठेवायची) तेवढ्यालाच तयार ठेवा, मग पिशवी फोडून मासा लगेच हलवा आणि पिशवीतलं पाणी ओतून द्या.

क्वारंटाइन म्हणजे 80-100 लिटरची साधी टाकी, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसीचे तुकडे. प्रत्येक मासा तिथे चार आठवडे. पांढरे ठिपके किंवा मखमलीसारखा थर दिसला तर तांब्याचं औषध तिथेच, मोजून. मोठ्या टाकीत तांबं कधीही घालू नका, ते दगडांत मुरतं आणि पुढे झिंगा-गोगलगायींना मारतं. ठिपक्यांचा रोग मोठ्या टाकीत शिरला तर सगळे मासे बाहेर काढून टाकी अडीच महिने माशांविना ठेवावी लागते, तेव्हा कुठे तो परजीवी उपाशी मरतो.

आणायचा क्रम शांत माशांपासून भांडखोरांपर्यंत: क्लाउनची जोडी, मग फायरफिश, गोबी, कार्डिनल, मग फॉक्सफेस, आणि शेवटी एखादा टँग. वर्षभरात दहा-बारा मासे पुष्कळ झाले. मँडरिन आणि मूरिश आयडल कितीही सुंदर दिसले तरी नको, ते दाण्याला तोंड लावत नाहीत आणि डोळ्यांसमोर वाळत जातात.

चालू टाकीचं काम फार नाही. दोन आठवड्यांनी शंभर लिटर पाणी बदला. मीठ आदल्या दिवशी ड्रममध्ये घालून पंपाने रात्रभर ढवळत ठेवायचं. सॉक तीन दिवसांनी धुवा, स्किमरचा कप आठवड्याला. ऑगस्टमध्ये नळपाणी गढूळ होतं किंवा बंदच पडतं, तेव्हासाठी दोनशे लिटर डीआय पाणी कायम साठवणीत ठेवा.

वेळापत्रक म्हणाल तर कट्टा आत्ताच ओतून घ्या म्हणजे तो पावसाळाभर बसेल. काच नवरात्राच्या सुमारास सांगा, पाण्याची चाचणी दिवाळीत, मीठ आणि सायकलिंग नोव्हेंबरमध्ये, पहिली क्लाउनची जोडी जानेवारीत क्वारंटाइनला. मार्चअखेर चिलर चार दिवस चालवून बघा, कारण मेमध्ये दुरुस्तीला माणूस मिळत नाही. फरशीखालचं काँक्रीट किती इंच निघालं आणि नळपाण्याचा टीडीएस किती भरला हे कळवा, मग काचेची मापं, होलच्या जागा आणि पाइपचे आकार कागदावर काढून देतो.